नळाला पाणी आलं, देवा: रोजच्या उपकारांची पोच देण्याची रीत

देवापुढे हात जोडले की आपसूक मागणं बाहेर पडतं. मुलाची बारावी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, रिडेव्हलपमेंटचं भिजत घोंगडं. मागण्यात गैर काही नाही. देवाकडे नाही मागायचं तर कोणाकडे? पण मिळालेल्याची पोच द्यायची राहून जाते. नवस फेडायला आपण तुळजापूर गाठतो, एकवीरेचा डोंगर चढतो. सकाळी सहाला नळाला आलेल्या पाण्याची पोच मात्र कोणी देत नाही. नवसाची गोष्ट एकदाच घडते म्हणून लक्षात राहते. पाणी रोज येतं, म्हणून दिसेनासं होतं.

पुढे दिलेली रीत या दिसेनाशा झालेल्या गोष्टींसाठी आहे. नियम तीनच. आभार एका नेमक्या गोष्टीचे मानायचे, ती समोर असतानाच मानायचे आणि त्या आभारांना मागणं जोडायचं नाही. तिसरा नियम सगळ्यात जास्त मोडतो. त्याविषयी पुढे बोलू.

पहिला आठवडा फक्त पाण्याचा

एकदम दहा गोष्टी हाती घेतल्या तर चौथ्या दिवशी सगळ्या सुटतात. म्हणून पहिला आठवडा एकच गोष्ट: सकाळचं पहिलं पाणी. कारण साधं आहे. पाणी प्रत्येकाच्या हाताला लागतं, रोज ठरल्या वेळेला लागतं आणि तोवर मोबाईल हातात आलेला नसतो. (आला असेल तर आधी तो खाली ठेवा. उलट्या क्रमाने हे जमत नाही.)

करायचं ते असं. नळ सोडा, ओंजळ किंवा तांब्या भरा, नळ बंद करा. नळ चालू ठेवून कृतज्ञता व्यक्त करण्यात अर्थ नाही. मग एका श्वासाइतकं थांबा. जे हातात आहे त्याचं मनात नाव घ्या. ते कुठून आलं याची दोन पावलं मागे जा. शेवटी ‘देवा, हे तुझं देणं’ एवढं म्हणा आणि कामाला लागा. सगळं मिळून पंधरा ते वीस सेकंद. याहून लांबवलं तर सकाळच्या घाईत पहिलं कात्रीत सापडेल ते हेच.

दोन पावलं मागे जाणं हा या रीतीचा गाभा. ‘पाण्याबद्दल आभार’ असं नुसतं म्हटलं तर आठवड्याभरात ते तोंडपाठ होतं आणि मन दुसरीकडे भटकतं. त्याऐवजी पाणी आलेल्या वाटेने उलटं चालायचं. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत बहुतेक घरांत येणारं पाणी मोरबे धरणाचं आहे. हे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर, इर्शाळगडाच्या पायथ्याशी आहे. तिथून ते भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, मग जलवाहिनीने शहरात, सोसायटीच्या खालच्या टाकीत, पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि शेवटी तुमच्या नळात. ठाण्यात काही पाणी भातसेचं असतं, पिसे बंधाऱ्यावरून उचललेलं, आणि काही उल्हास नदीचं. आपल्या भागात कोणतं येतं ते सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. एकदाच विचारायचं आहे, पण त्यानंतर आभार हवेत राहत नाहीत.

रोज यातली दोनच पावलं घ्या. आज पंप आणि तो वेळेवर चालू करणारा वॉचमन. उद्या मोरब्यावर पडलेला पाऊस. परवा धरणासाठी ज्यांनी घरदार सोडलं ती गावं. मनातलं वाक्य साधारण असं: ‘देवा, पाणी आलं. डोंगरावर पाऊस पाडलास, पंपवाले दादा पहाटे उठले. तुझे उपकार.’ शब्द घरातलेच असावेत. देवाशी बोलताना पुस्तकी मराठी काढली की आपण भाषण करायला लागतो.

घरात आंघोळीच्या वेळी सात नद्यांची नावं घ्यायची पद्धत असेल तर ती मोडू नका. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी असं म्हणून झालं की शेवटी आपल्या बादलीतल्या नदीचं नाव घ्या: धावरी, भातसा किंवा उल्हास. गंगेला नमस्कार करायचा आणि जिचं पाणी अंगावर ओततो तिचं नावही ठाऊक नसायचं, हे काही शोभत नाही.

आणखी एक. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरतात. शॉवर वीस मिनिटं सोडला तर त्याचा बराचसा भाग एका आंघोळीत जातो. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे वाचून स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही. बादलीने आंघोळ करा, म्हणजे सकाळचं वाक्य खोटं ठरत नाही.

शरीराचं, तेही संडासातलं

दुसऱ्या आठवड्यात शरीर घ्या. उठल्यावर तळहात बघून ‘कराग्रे वसते’ म्हणायची आणि जमिनीला पाय लावण्याआधी भूमीची क्षमा मागायची रीत अनेक घरांत आहे. ती येत असेल तर चालू ठेवा, पण तळहाताकडे खरंच बघा. बोटं मिटा, उघडा. सकाळी बोटं आखडलेली असणाऱ्या संधिवाताच्या माणसाला विचारा, हे किती मोठं काम आहे.

ज्या अवयवाचा आवाज येत नाही तो बरा चालला आहे असं समजावं, आणि नेमक्या त्याच अवयवाची आठवण आपल्याला कधी येत नाही. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. हे काम थांबलं तर माणसाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास, डायलिसिसच्या खुर्चीवर बसावं लागतं. मग लघवी साफ झाली याचे आभार मानायला लाज कसली? ज्यू धर्मात तर शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायची वेगळी प्रार्थनाच आहे: शरीरातल्या वाटा उघड्या आणि पोकळ्या जागच्या जागी ठेवल्याबद्दल देवाची स्तुती. आपल्याकडे हा विषय देवघरापासून चार हात लांब ठेवतात, त्यामुळे मनात थोडं अडखळायला होईल. हात-पाय धुऊन बाहेर आल्यावर म्हटलं तरी चालेल.

रोज एकच अवयव घ्या आणि त्याने आज केलेलं एकच काम. ‘डोळ्यांबद्दल आभार’ नको. ‘इंडिकेटरवर १५ डब्यांची फास्ट दिसली, देवा, डोळे शाबूत ठेवलेस’ हे हवं. ज्याचा अवयव खरोखर दुखतो आहे त्याने तोच अवयव घेऊ नये. गुडघा ठणकत असताना गुडघ्याचे आभार मानणं म्हणजे स्वतःशीच खोटं बोलणं. त्या दिवशी कान घ्या, जीभ घ्या.

जेवताना

जेवणाची रीत आपल्याकडे तयारच आहे, ती फक्त डायनिंग टेबलावर हरवली. जुन्या पद्धतीत ताट वाढल्यावर उजव्या हाताने ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला भाताची चार-पाच शितं ठेवायची ती चित्राहुती, मग तळहातावरचं थोडं पाणी प्यायचं ते आपोशन आणि त्यानंतर पहिला घास. ऑफिसच्या कँटीनमध्ये एवढं जमणार नाही. तिथे डब्याचं झाकण उघडल्यावर एक घासभर भात किंवा पोळीचा तुकडा झाकणावर बाजूला काढा आणि तेवढ्या वेळात अन्नाची दोन पावलं मागे जा. तो घास शेवटी स्वतःच खा. फेकू नका.

वाट शोधायला इथे भरपूर वाव आहे. मेथीची जुडी घ्या. ती नाशिककडच्या शेतात दुपारी उपटली असेल, रात्री टेम्पोने कसारा घाट उतरली असेल, पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, हमालाच्या पाठीवरून खाली आली असेल. तिथून कोपरीच्या किंवा नेरुळच्या भाजीवाल्या मावशींनी ती उचलली, पाणी मारून गोणपाटाखाली ठेवली. घरी कोणीतरी ती निवडली. मेथी निवडायला किती वेळ लागतो ते निवडणारीलाच माहीत. देवापर्यंत जाणारी वाट अशी माणसांमधून जाते. मधल्या माणसांना वगळून थेट वर हात जोडले तर घरातली जी बाई सकाळी साडेपाचला कणीक मळत होती तिला ते कुठेतरी लागतं, आणि लागायलाच हवं. म्हणून इथे एक पोटनियम: वाटेवरचा जो माणूस समोर असेल त्याला तोंडाने सांगायचं. ‘आई, भाजी मस्त झालीये.’ ‘मावशी, आजच्या आमटीला चव होती.’ देवाला मनात सांगितलं तरी पोचतं. माणसांना मात्र बोलूनच दाखवावं लागतं.

घरी नैवेद्य दाखवत असाल तर तो छोटा ठेवा म्हणजे रोज होईल. देवापुढे पाण्याने चौकोनी मंडल काढा, त्यावर वाटी ठेवा, तुळशीचं पान घाला, भोवती पाणी फिरवा. नैवेद्याच्या ताटात मीठ वेगळं वाढत नाहीत. सकाळी सहाचा डबा करणाऱ्या घरात पूर्ण ताट शक्य नाही. पोळीचा चतकोर आणि भाजी, नाहीतर दूध-साखर पुरे. नैवेद्य चुकतो तो तिथे, जिथे तो फक्त सणाला पुरणावरणाचा होतो. रोजच्या आमटी-भाताला नैवेद्याचा मान मिळाला की रोजचा आमटी-भात दिसायला लागतो.

लोकलमध्ये

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती. त्यानंतर ठाणेकराने रेल्वेचे आभार मानल्याचं फारसं ऐकिवात नाही. तक्रारी रास्त आहेत, त्या करत राहा. पण ठाणे-वाशी गाडी ही या सरावासाठी फार सोयीची आहे, कारण स्टेशनांचे मणी आयते ओवलेले आहेत: दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. दर स्टेशनाला एक गोष्ट. अट एकच, ती त्या क्षणी नजरेच्या किंवा स्पर्शाच्या टप्प्यात असली पाहिजे. हातातली कडी. खिडकीतून आलेला वारा. सरकून चौथी सीट देणारा अनोळखी माणूस. ऐरोलीपाशी दिसणारा खारफुटीचा हिरवा पट्टा. मोटरमन, जो दिसत नाही पण ब्रेक हळू लागला यावरून कळतो.

डोळे मिटायचे नाहीत, ओठ हलवायचे नाहीत, जप करतोय असं दिसायची गरज नाही. गर्दी इतकी असेल की श्वास घेता येत नाही, तर त्या दिवशी श्वास हीच गोष्ट. आणि एखाद्या स्टेशनाला काही सुचलं नाही तर ते मोकळं जाऊ द्या. ओढूनताणून सुचवलेलं आभाराचं वाक्य खोटं असतं आणि ते खोटं आहे हे मनाला लगेच कळतं.

जागेची आठवण

याकडे नवी मुंबईकरांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली. नवं शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. आज जिथे सेक्टर आणि प्लॉट नंबर आहेत तिथे आगरी-कोळी कुटुंबांची भातखाचरं, मिठागरं, मासेमारीच्या जागा होत्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामुळेच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

म्हणजे ‘देवा, डोक्यावर छप्पर दिलंस’ असं म्हणताना छपराखालची जमीनही वाक्यात यायला हवी. करायचं एवढंच: आपल्या सेक्टरजवळचं मूळ गाव कोणतं ते शोधा, त्या गावची गावदेवी कुठे आहे ते विचारा आणि महिन्यातून एकदा मंगळवारी किंवा शुक्रवारी तिथे जा. नारळ-फूल पुरे. ओटी भरायची तर तिथल्या बायकांना रीत विचारूनच भरा, कारण प्रत्येक गावाची वेगळी असते. गावच्या जत्रेला पाहुणे म्हणून जा, यजमान असल्यासारखे वागू नका. तिथे काही मागू नका. ती देवी तुमच्या आधीपासून या जागेची मालकीण आहे, तिला फक्त ओळख द्यायची आहे.

वही: रोज नको

कृतज्ञतेची वही ठेवण्याचा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो, पण कसं लिहायचं ते सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात मुळाशी आहे. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना एकूण आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. वारंवार लिहिलं की ते उरकण्याचं काम होतं, हे आपल्यालाही अनुभवाने पटेल.

तेव्हा वही आठवड्यातून एकदा, आपल्या उपासनेच्या वारी. सोमवार, गुरुवार, शनिवार, जो असेल तो. शंभर पानी शाळेची वही बास. महागडी डायरी आणली की चांगल्या अक्षरात लिहायचा मोह होतो. दिवेलागणीनंतर, सांजवात लावून झाल्यावर दहा मिनिटं. तीन नोंदी, पाचपेक्षा जास्त नाहीत. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय मिळालं, केव्हा, कोणाच्या हातून आणि ते नसतं तर काय झालं असतं.

चुकीची नोंद: ‘चांगलं कुटुंब, आरोग्य, घर.’ ही नोंद पुढच्या आठवड्यातही अशीच येईल, तिच्या पुढच्याही. बरोबर नोंद: ‘बुधवारी रात्री लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सिलिंडर वर चढवायला हात लावला. ते नसते तर मी सकाळपर्यंत खालीच ठेवला असता.’ आधीच्या नोंदीतला ‘शेजार’ हा शब्द इथे जिवंत झाला.

शेवटचा भाग, ‘नसतं तर’, हा विशेष कामाचा. मिन्क्युंग कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की एखादी चांगली गोष्ट कशी घडली हे आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर, असा विचार केल्यावर माणसाचं मन जास्त प्रसन्न होतं. इथे याचा सराव करायला वेगळी कल्पनाशक्ती लागत नाही. महापालिका दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा शटडाऊन जाहीर करते त्या दिवशी पिंप भरून ठेवताना जी घालमेल होते ती वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात नळ सोडताना ती ओळ आठवेल.

सण आधीच हे करतात

आपल्या पंचांगाने वर्षभराच्या आभारांची वाटणी करून ठेवली आहे. आषाढातल्या अमावास्येला दिवे घासून त्यांचीच पूजा. श्रावणात नारळी पौर्णिमेला चेंदणीपासून दिवाळे-सारसोळ्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत समुद्राला नारळ. पोळ्याला बैल, वसुबारसेला गाय-वासरू, खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारं-अवजारं, लक्ष्मीपूजनाला चक्क केरसुणी. वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली वस्तू एक दिवस पाटावर येते. यापेक्षा चांगला धडा शोधायला नको.

फक्त यादी अद्ययावत करा. खंडेनवमीला लॅपटॉप, शिलाई मशीन, स्कूटर ठेवता, तसं पाण्याचा पंप, लिफ्टचा मोटर रूम, सोसायटीच्या झाडूवाल्या दादांचा खराटा यांनाही हळदकुंकू लावा. (पॅनेलच्या उघड्या भागाला पाणी-कुंकू लावू नका. बाहेरच्या दरवाजाला लावा.) दिव्याच्या अवसेला घरातला प्रत्येक बल्ब, ट्यूब पुसून काढा, धुळीने कमी झालेला उजेड परत मिळतो तेव्हा आभार आपोआप तोंडात येतात.

शेजारच्यांच्या रीतीही बघण्यासारख्या आहेत. ठाण्यात १८७९ सालापासून शार हाशमाईम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. घरी मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू नवस फिटला, आजारातून कोणी उठलं की मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वेलची आणि वरून फळं. प्रत्येक प्रकारच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद म्हणतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेल्या जातात. दोन्हीत अन्नाचं नाव घेऊन आभार आहेत, एकगठ्ठा नाहीत.

कुठे बिघडतं

मागणं जोडलं जातं. ‘देवा, पाणी दिलंस, आता प्रमोशनचंही बघ.’ हे आभार नव्हेत, हप्ता भरल्यासारखं झालं. यावर उपाय म्हणजे मागण्याची वेळ वेगळी ठेवायची. सकाळी पोच, संध्याकाळी दिव्यापुढे मागणं. मागणं दडपलं तर ते कुठूनही डोकं वर काढतं.

तुलना शिरते. ‘फुटपाथवरच्या त्या माणसाकडे बघ, आपण किती सुखी.’ यात देवाचे आभार कमी आणि सुटल्याची भावना जास्त. शिवाय त्या माणसाच्या दुःखाचा आपण आपल्या समाधानासाठी वापर करतो. तो माणूस आठवला तर त्याच्यासाठी काही करा, त्याला आभाराच्या वाक्यात आणू नका.

ही रीत दुसऱ्याला शिकवली जाते. घरात कोणी रडत असताना ‘जे आहे त्यात देवाचे आभार मान’ असं सांगणं फार कठोर आहे. ज्याच्या घरी मृत्यू झाला, नोकरी गेली, त्याला ही रीत सांगू नये. त्याच्याकडे डबा घेऊन जावं. मुलांनाही सक्ती नको. सांजवातीच्या वेळी ‘आज काय छान झालं?’ एवढंच विचारा. कालचंच उत्तर परत आलं तर हसून ‘आणि आजचं?’ म्हणा. पोर ‘काही नाही’ म्हणालं तर तेही उत्तर आहे. आजी-आजोबांची सुरुवात दुखण्यापासून होईल, ती आधी ऐकून घ्या.

अन्याय गोड मानून घेतला जातो. लिफ्ट महिनाभर बंद आहे, मेंटेनन्स मात्र वसूल होतोय. तिथे ‘पाय तर आहेत ना’ म्हणून जिने चढत राहायचं नाही. पायांचे आभार मनात, तक्रार लेखी. घरात कोणी मारतं, पिळतं, तिथे तर कृतज्ञतेच्या नावाखाली सहन करायला सांगणारा माणूस देवाचं नाव घ्यायच्या लायकीचा नाही.

आणि दाखवलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकलेलं आभाराचं वाक्य लोक बघतात, लाईक येतात, आणि मग पुढचं वाक्य लोकांसाठी लिहिलं जातं. वही कोणाला दाखवायची नाही.

मूठभर तांदूळ

नुसतं मनात आभार मानत राहिलं की काही महिन्यांनी ते पातळ होतात. हातातून काही सुटलं पाहिजे. जुन्या घरांत रोज तांदूळ धुवायला घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची पद्धत होती. ती आजही सगळ्यात सोपी आहे. मध्यम मुठीत साधारण ५० ग्रॅम तांदूळ येतात, म्हणजे महिन्याला दीड किलो. घट्ट झाकणाचा तीन किलोचा डबा घ्या, तळाशी वाळलेली कडुलिंबाची पानं टाका. पानं ओलसर असतील तर बुरशी धरते, म्हणून दोन दिवस सावलीत वाळवून घ्या. पावसाळ्यात पोरकिडे होतात. जून ते सप्टेंबर डबा दर पंधरा दिवसांनी रिकामा करा. रोज घरात शिजतो तोच तांदूळ टाका. जुना, कीड लागलेला, रेशनचा नकोसा झालेला तांदूळ या डब्यात टाकायचा नाही. असा डबा भरला की त्यात आभार नसतात, अडगळ असते.

भात न खाणाऱ्या घरांनी मूठभर पीठ किंवा रोजचे पाच रुपये ठेवावेत. डबा कुठे द्यायचा याचं उत्तर वहीत सापडतं. महिन्याच्या शेवटी चारही आठवड्यांची पानं चाळा आणि कोणत्या माणसाचं नाव किंवा काम जास्त वेळा आलं ते बघा. वॉचमन दादा? त्यांच्या मुलीच्या वह्या. घंटागाडीवरचे कामगार? त्यांच्यासाठी पैशांपेक्षा ओला-सुका कचरा वेगळा करणं मोठं आहे: फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने खूण, सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात. गावातली एखादी वयस्क आजी? तांदूळ तिच्याकडे. कोणाचंच नाव आलं नसेल तर जवळच्या मंदिरातल्या, गुरुद्वाऱ्यातल्या किंवा आश्रमातल्या अन्नदानाला द्या, पण आधी फोन करून कच्चा शिधा घेतात का ते विचारा.

पक्ष्यांना घालायचा विचार असेल तर जपून. काकबळीचा एक घास गच्चीवर ठेवायला हरकत नाही, पण खिडकीच्या छज्जावर रोज धान्य टाकलं की कबुतरं कायमची वस्तीला येतात आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या विष्ठेचा त्रास होतो. खाडीकिनारी हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकण्याचीही हौस अनेकांना आहे. ते त्यांचं अन्न नाही, टाकू नका.

डबा रिकामा केल्यावर धुऊन, उन्हात वाळवून, त्याच दिवशी संध्याकाळच्या भाताची पहिली मूठ त्यात टाका. डबा रिकामा राहिला की दुसऱ्या दिवशी त्यात डाळ भरली जाते.